बाळगुटी, बाळगोळी आणि नातीची बाटली

गेल्या महिन्यात एका रविवारी नातीचा फोन आला. ती पुण्यात, हिंजवडीला एका कंपनीत नोकरी करते. कंपनीचं गिऱ्हाईक अमेरिकेतलं, त्यामुळे हिचा दिवस संध्याकाळी सहाला उगवतो आणि पहाटे तीनला मावळतो. खोलीवर येऊन अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत खाली दुधाच्या पिशव्या टाकणारा मुलगा येतो, मग कामवाल्या बाई, मग शेजारच्या इमारतीचं बांधकाम. दोन वर्षं असंच चाललं आहे.

"आबा, एक फोटो पाठवलाय, बघा," ती म्हणाली.

फोटोत एक पांढरी बाटली होती. वरचा मजकूर इंग्रजीत. या बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये म्हणे एक पेप्टाइड आहे, ते मेंदूला गाढ झोपेत नेतं आणि मनावरचा ताण कमी करतं. औषध नव्हे, 'पूरक आहार'. किंमत वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"माझी मागवून झाली. तुम्हालाही रात्र रात्र झोप नसते ना? तुमच्यासाठी एक पाठवू का?"

तिचं खरं आहे. तिची आजी गेल्यापासून मला झोप कमीच. पहाटेच्या आधी रहिमतपूर स्टेशनावरून जाणारी गाडी मी बहुतेक रोज ऐकतो. तरीही मी तिला म्हटलं, "थांब, मी जरा वाचतो आणि सांगतो." सवय आहे मास्तरची. तिला हो किंवा नाही एवढंच हवं होतं. त्याला आता तीन आठवडे झाले, आणि उत्तर हे असं लांबत गेलं.

लांबण्याचं कारण पेप्टाइड नव्हे. फोटोतली ती बाटली बघताना मला एकदम माझी थोरली आत्या आठवली. ती का आठवली हे सांगायला शंभर वर्षं मागं जावं लागेल.

त्याआधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. बाळगुटी आणि बाळगोळी.

बाळगुटी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सहाणेवर आईच्या दुधात उगाळायची. हळकुंड, वेखंड, सुंठ, मुरुडशेंग, हिरडा, बेहडा, खारीक, बदाम आणि जायफळ. कशाचे किती वेढे द्यायचे याचं प्रत्येक घराचं गणित वेगळं. आमच्या घरी जायफळाचा वेढा फक्त माझी आई द्यायची, सुनांना ते काम नसे. एक वेढा म्हणजे एकच, दुसरा दिला तर मूल सुस्त पडतं. लहान मुलं, त्यातही पुरणपोळीनंतर, अशी का पेंगतात हे आम्हाला तेव्हापासून माहीत. जायफळ झोप आणतं आणि जास्त झालं तर बाधतं, हे ज्ञान आमच्या घरात पुस्तकावाचून होतं.

बाळगोळी मात्र वेगळी. नाव ऐकून कुणालाही वाटेल की गुटीचीच बहीण. पण बाळगोळीत असायची अफू. जोडीला जायफळ, केशर किंवा असलंच काही, पण काम करायची ती अफूच. मोहरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या. रडणारं मूल गप्प करायला, दात येताना, हगवण लागली तर, आणि आईला कामावर जायचं असेल तर.

हे काही चोरून चालत नव्हतं. अफू परवान्याच्या दुकानात मिळायची आणि सरकारला तिचा महसूल मिळायचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, तो व्यापार तर इतका मोठा की विलायतेत त्याविरुद्ध ओरड झाली आणि १८९३ साली राणीच्या सरकारने लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आयोगाने हिंदुस्थानभर फिरून शेकडो साक्षी घेतल्या, १८९५ साली जाडजूड अहवाल दिला, आणि एकंदर निष्कर्ष काढला की इथल्या लोकांना अफूपासून फारसा अपाय होत नाही. मुलांना अफू देण्याचा विषयही साक्षींमध्ये आला होता. रीत आहे, जुनी आहे, आया सांभाळून देतात, असा एकूण सूर. सरकारी अहवाल वाचताना मी एक गोष्ट शिकलो आहे. ज्याच्यावर उत्पन्न अवलंबून असतं ती वस्तू सहसा निरुपद्रवी निघते.

आता गिरणगाव. आमच्या सातारा जिल्ह्यातून, कोकणातून, कोल्हापूरकडून माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. आमच्याकडं जमीन थोडी, पाऊस बेभरवशाचा. कोरेगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, दर दोन घरांमागे एकाचा तरी आजा परळ-लालबागला होता. माझे आजोबाही होते. रहिमतपूरहून मीटरगेजच्या गाडीने पुणे, तिथून गाडी बदलून मुंबई. लग्नानंतर थोड्या वर्षांनी आजीही गेली, आणि तीही गिरणीत लागली. बायका वाइंडिंग नाहीतर रीलिंग खात्यात असत. वर नायकीण. नायकिणीची मर्जी गेली की जागा गेली.

१९२२ साली फॅक्टरी कायद्यात सुधारणा झाली तेव्हा कामाची मर्यादा ठरली दिवसाला ११ तास, आठवड्याला ६०. ही सुधारणा बरं का, म्हणजे आधी याहून जास्त. घरातून निघणं, येणं, मधली सुट्टी धरली तर आई बारा-तेरा तास बाळापासून लांब. एक खोली, तीत दोन-तीन बिऱ्हाडं. अंगावर पिणारं मूल कुणाजवळ ठेवायचं? शेजारची म्हातारी, नाहीतर स्वतःचीच पाच-सहा वर्षांची पोर. आणि मूल दिवसभर रडू नये म्हणून बाळगोळी.

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने त्याच सुमाराला डॉ. बार्न्स नावाच्या एका डॉक्टरीणबाईंना गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. बाई चाळीचाळींतून फिरल्या. त्यांना आढळलं की गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या १०० तान्ह्या मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जात होती. अठ्ठ्याण्णव! मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तोवर तीस वर्षं मी मुलांना औद्योगिक क्रांती शिकवली. मँचेस्टरच्या गिरण्या, तिथली धुरकट वस्ती, कामावर जाणाऱ्या आया आणि मुलांना झोपवायला 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं अफूमिश्रित सरबत, हे सगळं मी रंगवून सांगत असे. परळच्या चाळीत, माझ्याच आजीच्या खोलीत, तेच चाललं होतं हे मात्र मी वर्गात कधी सांगितलं नाही. पाठ्यपुस्तकात नव्हतं हे खरं. पण मला ते आकड्यांच्या आधीच कळलेलं होतं, हेही खरं.

मला ते आत्याने सांगितलं होतं.

आत्या माझ्या वडिलांपेक्षा आठ वर्षांनी मोठी, जन्म मुंबईतलाच. १९९६ ची दिवाळी. भाऊबीजेनंतर सगळे पांगले, ती राहिली होती. माझी धाकटी नात तेव्हा नुकतीच झालेली (हीच ती, हिंजवडीची), आणि माझी बायको सहाणेवर गुटी उगाळत होती. जायफळ हातात घेतलं तशी आत्या एकदम म्हणाली, "नगं देऊ."

"अहो आत्याबाई, एकच वेढा देते."

"नगं म्हनते ना."

बायकोने जायफळ डब्यात टाकलं. त्या रात्री ओसरीवर आत्या मला म्हणाली की आपल्यात आणखी एक भाऊ होता. माझ्या वडिलांच्या आधीचा. सात-आठ महिन्यांचा झाला होता. ती स्वतः पाच वर्षांची. आई सकाळी भोंग्याच्या आधी गोळी देऊन जायची आणि दुपारची एक गोळी कागदाच्या पुडीत बांधून शेजारच्या म्हातारीकडे ठेवायची. त्या दिवशी म्हातारीने दुपारची दिली आणि ती कुठंतरी गेली. पोर मात्र रडत राहिलं. दात येत असणार. पुडीत उद्याचीही गोळी होती आणि पुडी कुठं असते ते पोरीला ठाऊक होतं.

"मग निजलं बघ," आत्या म्हणाली. "लई गुणानं निजलं. आई येईस्तवर मी वारा घालीत हुती."

एवढंच. आजीने तिला कधी शब्दानं विचारलं नाही, आणि हिने कधी सांगितलं नाही. माझे वडील १९३० चे, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आत्या २००३ साली गेली. मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. घरातली काही मंडळी हे वाचतील, त्यांना वाईट वाटेल, ते मी जाणतो. पण आता त्या पिढीतलं कुणीच राहिलेलं नाही, आणि मला वाटतं की एखाद्या माणसाने सत्तर वर्षं असलं ओझं वाहिलं असेल तर निदान पुढच्यांना ते माहीत असावं.

एक मात्र सांगतो. आजीला दोष देणारा मी कोण? त्या अठ्ठ्याण्णव आया काही दुष्ट नव्हत्या, अडाणीही नव्हत्या. आमच्याच गावात राहिल्या असत्या तर त्यांनी मूल पाठीशी बांधून खुरपणी केली असती, आणि जायफळाचा एक वेढा पुरला असता. त्या काळात मुंबईत जन्मलेल्या मुलांपैकी वर्षाच्या आत किती दगावत ते आकडे भयंकर आहेत. १९२१ साली हजारी साडेसहाशेच्या वर अशी सरकारी नोंद आहे. कितीतरी जन्म नोंदवलेच जात नसत, म्हणून तो आकडा फुगलेला असणार. निम्मा धरला तरी अंगावर काटा येतो.

१९२८ च्या एप्रिलमध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार, सहा महिने. दुकानदार उधारी देईनात, तेव्हा माणसं गावोगाव परतली. आजीही आत्याला घेऊन रहिमतपूरला आली. संप मिटल्यावर आजोबा परत गेले, आजी गेली नाही. तिने कमंडलू नदीच्या काठच्या मळ्यांत दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारी केली, पण मुंबईचं नाव काढलं नाही. माझे वडील इथेच झाले. त्यांच्या गुटीत, आत्याच्या सांगण्यानुसार, जायफळ नव्हतं.

त्याच १९२८ सालात मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. गरोदर बाईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा काही भार मालकाने उचलणं रास्त आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली कायदा झाला, हिंदुस्थानातला अशा प्रकारचा पहिला. दिवसाला आठ आणे, तेही काही आठवडेच. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून अधिक बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. पाळणाघर आलं, पगार थोडे वाढले, अफूची दुकानंही आवळली गेली, आणि बाळगोळी हळूहळू नाहीशी झाली. आज तो शब्दच पुसला गेला. माझ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "म्हणजे बाळगुटीच ना?"

आता दुसरी एक गोष्ट, थोडी आनंदाची.

झोप आणि शांती देणाऱ्या मुळीची. सर्पगंधा. आपल्याकडे कोकणात, सह्याद्रीच्या उतारावर होते, तिला अडकई असंही म्हणतात. बिहारात तिला 'पागल की दवा' म्हणत आणि तिथल्या गरीब आया मूल झोपवायला ती देत. बघा, पुन्हा तेच. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की या मुळीने वेड शमतं आणि रक्तदाबही उतरतो. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमलखानांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटलं.

पण जगाने ऐकलं ते मुंबईच्या एका डॉक्टरचं. डॉ. रुस्तम जाल वकील. विलायतेत शिकून आलेले, परळच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. के.ई.एम. म्हणजे गिरणगावाचं स्वतःचं रुग्णालय, आमच्या गावचे कितीतरी लोक तिथेच तपासले गेले असतील. वकिलांनी पन्नास रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या, आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला. तो वाचून अमेरिकेत बॉस्टनचे डॉ. विल्किन्स कामाला लागले. त्यांच्या रुग्णांचा दाब तर उतरलाच, शिवाय ते निवांत झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बासल शहरात सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य शोधलं. रेसर्पिन. वेड्यांच्या इस्पितळांतून ते वापरलं जाऊ लागलं. १९५७ साली अमेरिकेचं लास्कर पारितोषिक ज्यांना मिळालं त्यांत डॉ. वकील होते, आणि १९५८ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. मराठी शाळेतल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? मला तरी नव्हतं.

आनंदाची गोष्ट म्हटली खरी, पण ती इथं संपत नाही. १९५५ साली अमेरिकेत दाखवून दिलं गेलं की रेसर्पिन मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. काही रुग्ण निवांत होता होता खचून जात, जीव द्यावासा वाटे. १९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्ल्सन यांनी सशांना रेसर्पिन दिलं, ससे दगडासारखे बसून राहिले. मग त्यांना एल-डोपा टोचलं तर ते उठून हिंडू लागले. त्यातून पार्किन्सन्स रोगावरचं औषध निघालं आणि २००० साली कार्ल्सन यांना नोबेल मिळालं. एका मुळीने केवढं जग फिरवलं!

माझ्या वडिलांना साठीत रक्तदाबासाठी त्या जातीची गोळी सुरू होती. एरवी बडबडा माणूस, पारावर बसून रणदुल्लाखानाच्या कबरीच्या नाना कथा सांगणारा. तो वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. म्हातारपण आहे, असं आम्ही म्हटलं. डॉक्टरही तेच म्हणाले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी गोळी बदलली आणि दीड-दोन महिन्यांत वडील पुन्हा पारावर गेले. गोळीमुळेच की आणखी कशामुळे, मी शपथेवर सांगू शकत नाही. मुळीचं काय झालं म्हणाल, तर जगभरातून मागणी इतकी वाढली की जंगलं उकरली गेली, आणि १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

तर आता बाटली.

पेप्टाइड म्हणजे काय हे मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी समजावलं. तेही निवृत्त, रोज संध्याकाळी माझ्याबरोबर स्टेशन रोडला फिरायला असतात. डाळीत, दुधात, अंड्यात प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. मणी म्हणजे अमिनो आम्लं. माळ आखूड असली, पाच-पंचवीस मण्यांची, की तिला पेप्टाइड म्हणायचं.

नातीच्या बाटलीवर जे नाव आहे ती नऊ मण्यांची माळ आहे. आणि तिचा जन्म कुठला? बासल! तेच शहर. मोनिए आणि शोनेनबर्गर या शास्त्रज्ञांनी सशाच्या मेंदूच्या एका भागाला विजेचा हलका झटका देऊन त्याला झोपवलं, त्याच्या मेंदूतून परतणारं रक्त घेऊन गाळलं आणि दुसऱ्या जाग्या सशाला दिलं. दुसऱ्याच्या मेंदूतही गाढ झोपेच्या, म्हणजे डेल्टा लहरी उमटल्या. १९७७ साली त्यांनी ती नऊ मण्यांची माळ कोणती ते जाहीर केलं. कल्पना जुनी होती. १९०९ च्या सुमाराला जपानात इशिमोरी आणि थोड्याच काळाने फ्रान्समध्ये पिएराँ यांनी कुत्र्यांना अनेक दिवस जागं ठेवून, त्यांच्या मेंदूभोवतीचं पाणी दुसऱ्या कुत्र्यांना टोचून पाहिलं होतं. ती कुत्री झोपली. म्हणजे झोप ही एक वस्तू आहे, ती शरीरात साठते आणि काढून दुसऱ्याला देता येते, अशी माणसाची शंभर वर्षांची आशा आहे.

ससे झोपले. माणसांचं काय? १९८० च्या दशकात निद्रानाशाच्या रोग्यांना ती माळ शिरेतून देऊन पाहिली. कुणी म्हटलं थोडा फायदा, कुणी म्हटलं नगण्य. एवढा मोठा शोध असता तर एव्हाना गोळी निघून दोन पिढ्या झाल्या असत्या. शरीरात ती माळ कुठल्या जनुकावरून बनते, मेंदूत कुठं जाऊन बसते, हे सापडलेलं नाही. २००६ साली रशियातल्या दोघांनी सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्याच्या शीर्षकातच त्यांनी तिला न सुटलेलं कोडं म्हटलं. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने औषधविक्रेत्यांनी स्वतः तयार करून देण्याच्या बाबतीत सुरक्षिततेची शंका असलेल्या पदार्थांत तिला टाकलं. तरी ती विकली जाते. कुपीतून पूड म्हणून, 'फक्त संशोधनासाठी' अशी चिठ्ठी लावून, आणि लोक स्वतःच्या दंडात टोचून घेतात. म्हणजे ससे आता आपण.

कॅप्सूलचं तर आणखी वेगळं. सर हसून म्हणाले, "अहो, पोटाला काय कळतंय ही झोपेची माळ आहे ते? ते वरणाचे मणी सोडवतं तसे हिचेही सोडवणार." मेंदूपर्यंत अख्खी माळ किती पोचेल, शंकाच आहे. शंका यासाठी म्हणायचं की सर विज्ञानाचे, त्यांना ठाम बोलायला आवडत नाही. मी इतिहासाचा, मला आवडतं. मला वाटतं, नातीने वरण महाग घेतलं.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी तिला फोन केला. म्हटलं, बाई, अफू ज्या अर्थाने वाईट होती त्या अर्थाने ही बाटली वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिने बहुधा काहीच होणार नाही, आणि आत नक्की काय भरलंय ते तुलाही ठाऊक नाही, मलाही. झोपेच्या डॉक्टरकडे जा. हल्ली गोळीच्या आधी सवयी आणि वेळापत्रक बदलायला लावतात, तेच पहिलं औषध मानतात. आणि मग मूळ मुद्दा काढला. "पाळी बदलून मागता येणार नाही का गं?"

"आबा, शिफ्ट बदलली तर प्रोजेक्ट जाईल."

मी गप्प बसलो. नायकिणीची मर्जी. एक गंमत सांगतो, गंमत कसली म्हणा. १९११ च्या कायद्यापासून बायकांना कारखान्यात रात्री कामाला लावायला बंदी होती. म्हणजे माझ्या आजीला अकरा तास राबवलं तरी रात्री सातच्या पुढे गिरणीत ठेवता येत नव्हतं. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात साडेनऊनंतर बाईने काम करायचं तर तिची संमती लागते, सुरक्षेची सोय लागते. माझ्या नातीची संमती आहे. कागदावर सही आहे तिची. तिला घरी सोडायला गाडीही येते. मुलींनी रात्री काम करू नये या मताचा मी नाही, तसा कुणी गैरसमज करून घेऊ नये. तिच्या पगारावर तिच्या भावाचं शिक्षण चाललंय आणि त्याचा मला अभिमान आहे. पण संमती या शब्दावर मी बराच वेळ अडलो.

आत्याची गोष्ट मी तिला फोनवर सांगितली नाही. ती इथे वाचेल.

परवा ती दोन दिवसांसाठी आली. शुक्रवारी रात्री चौंडेश्वरीच्या देवळापर्यंत चालून आलो, ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी झाली, आणि ती दहाला झोपली ती दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उठली. बाटली तिच्या पिशवीतच होती. दोन घेतल्या होत्या, तिने एक माझ्या टेबलावर ठेवली आहे. "फेकू नका आबा, पैसे गेलेत," म्हणाली. मी फेकलेली नाही.

आता नातेवाईक मंडळींना एक विनंती. गेल्या वर्षी पुतण्याने घराण्याची वंशावळ करून सगळ्यांना पाठवली, त्यात आजी-आजोबांच्या खाली आत्या आणि माझे वडील अशी दोनच नावं आहेत. मधलं एक घर रिकामं सोडायला हवं. जन्म १९२६ किंवा १९२७, मुंबई, परळ. आत्या त्याला 'तान्ह्या' एवढंच म्हणाली, नाव मी त्या रात्री विचारलं नाही आणि पुढे विचारायचं धाडस झालं नाही. मुंबईत मुलांची नावं तेव्हा बारशाला ठेवलीच असणार. आमच्या दहिवडीकडच्या किंवा कराडच्या शाखेत कुणाच्या आजीने कधी ते नाव घेतलेलं कुणाला आठवत असेल, तर मला कळवा.